आधी मुखानं, मग हातानं

मेझुझाच्या चर्मपत्रावर ७१३ अक्षरं असतात. तळहाताएवढा चौकोन, त्यावर २२ ओळी. त्याची सुरळी करून डबीत घालायची आणि ज्यू घरात शिरताना उजव्या हाताला येणाऱ्या चौकटीवर ती डबी ठोकायची. लोक डबीकडे बघतात. चांदीची, काचेची, जैतुनाच्या लाकडाची, हौसेला मोल नाही. शास्त्राला मात्र डबीशी काही देणंघेणं नाही. आतल्या कातड्यावर तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मशास्त्राच्या, पाचव्या ग्रंथातले दोन उतारे हातानं लिहिलेले असले पाहिजेत, आणि त्या ७१३ पैकी एक जरी अक्षर गळलं, एक जास्त पडलं किंवा शेजारच्याला चिकटलं, तर दारावर डबी आहे, मेझुझा नाही.

ती अक्षरं लिहायला मी शिकतो आहे. मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला, अलिबागच्या इस्रायल आळीत वाढलेला. आता इस्रायलमध्ये अश्दोदला राहतो, दिवसा नोकरी करतो आणि संध्याकाळी एका सोफेरच्या घरी जाऊन बसतो. सोफेर म्हणजे पवित्र लेखन करणारा माणूस. तोराची गुंडाळी, तेफिलीनच्या, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी हाताला आणि कपाळाला बांधायच्या, डब्यांत घालायच्या पट्ट्या आणि मेझुझा, या तीन गोष्टी त्याच्या हातच्या. माझे गुरुजी मोरोक्कोहून आलेल्या कुटुंबातले. तोंडानं मी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे 'रव' म्हणतो, मनात गुरुजीच.

सुरुवातीला त्यांनी माझ्या हातात बोरू दिला नाही, खलबत्ता दिला. शाईसाठी मायफळ कुटायचं होतं. मी ते ओळखलं आणि त्यांना नवल वाटलं. आमच्या घरी बाळगुटीच्या डब्यात वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग यांच्या शेजारी मायफळ असायचंच. सहाणेवर दोन वळसे उगाळून आजी ते बाळाच्या जिभेला लावायची. ओकच्या फांदीवर एक बारीकशी माशी अंडी घालते, झाड त्याभोवती टणक गाठ धरतं, ती गाठ म्हणजे मायफळ. कुटून पाण्यात उकळायचं, गाळायचं, बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक त्यात विरघळवायचा आणि मग हिराकस टाकायचा. काही जण मोरचूदही वापरतात. हिराकस पडला की तपकिरी पाणी बघता बघता काळं होतं. डिंकाचं प्रमाण हाच खरा हातखंडा. कमी पडला तर शाई पसरते, जास्त झाला तर सुंदर चकाकते आणि वाळल्यावर तडकते.

या हिराकसाची एक गोष्ट तल्मूदात, ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, आहे. दुसऱ्या शतकातले रब्बी मेइर पोटासाठी सोफेरचं काम करायचे. ते रब्बी इश्माएलांकडे शिकायला गेले तेव्हा इश्माएलांनी विचारलं, बाळा, तुझा व्यवसाय काय? मी सोफेर आहे, मेइर म्हणाले. मग जपून हो, इश्माएल म्हणाले, तुझं काम स्वर्गाचं काम आहे. एक अक्षर गाळलंस किंवा एक जास्त घातलंस तर सगळ्या जगाचा नाश करशील. त्यावर मेइरांचं उत्तर फार आतलं आहे, ज्यानं रोज बोरू धरला त्यालाच सुचेल असं. अक्षरं कमीजास्त होण्याची मला धास्ती नाही, ते मला येतं. पण एखादी माशी येऊन दालेतच्या टोकावर बसली, शाई पुसली गेली आणि दालेतचा रेश झाला तर? म्हणून मी शाईत कंकंतोम घालतो. कंकंतोम म्हणजे हाच क्षार, शाई पक्की करणारा.

दालेत आणि रेश ही हिब्रूतली दोन अक्षरं. दोन्हींना वर आडवं छत, उजवीकडे खाली उतरणारा एक पाय. फरक फक्त उजव्या कोपऱ्याचा. दालेतचा कोपरा टोकदार, छत पायाच्या जरा मागे डोकावतं. रेशचा कोपरा गोल. तिरकं छाटलेलं बोरूचं टोक कातड्यावर टेकवून डावीकडून उजवीकडे छत ओढत न्यायचं, कोपऱ्यावर किंचित थांबायचं, बोरू न उचलता मागे एक काटा काढायचा आणि मग खाली उतरायचं. तो थांबा चुकला की हात आपोआप वळण घेतो आणि गोल कोपरा तयार होतो. आता मेझुझातल्याच शेमा या प्रार्थनेची पहिली ओळ घ्या: ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक आहे. यातला शेवटचा शब्द 'एखाद', म्हणजे एक, दालेतनं संपतो. तो कोपरा गोल झाला की शब्द होतो 'अखेर', दुसरा, परका. ज्या वाक्यासाठी माणसांनी जीव दिले त्या वाक्याचा अर्थ केसाएवढ्या काट्यावर तोललेला आहे. म्हणून तोराच्या गुंडाळीत हा दालेत मुद्दाम मोठा काढतात. आणि निर्गम या तोराच्या दुसऱ्या ग्रंथाच्या ३४व्या अध्यायात, जिथे 'दुसऱ्या देवाला नमन करू नको' असं म्हटलंय, तिथला रेश मोठा काढतात. दोन्ही बाजूंनी राखण आहे.

कातडं शुद्ध जनावराचंच हवं, गाय, वासरू, बकरी. चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढतात, चौकटीवर ताणतात, खरवडतात, घासतात. चांगलं तयार झालेलं चर्मपत्र टिचकी मारली की ढोलकीच्या पानासारखं बोलतं. पण या कामाची खरी सुरुवात चुन्यात हात घालण्याआधी होते. कातडं पाण्यात सोडताना कारागिरानं म्हणायचं असतं की हे मी पवित्र लेखनासाठी करतो आहे. न म्हणता केलं तर कातडं कितीही उत्तम असो, लिहायला चालत नाही.

मग आखणी. शाईनं नाही, बोथट टोच्यानं दाबून रेघ उमटवायची. मेझुझा आखणीशिवाय लिहिली तर ती बादच. आणि अक्षर या रेघेवर बसत नाही, रेघेखाली लटकतं. हे मला शिकवावं लागलं नाही. माझ्याबरोबर शिकणारा एक मुलगा फ्रान्समधून आलेला, त्याचा हात अक्षर रेघेवर टेकवायला जायचा. माझा हात बालवाडीच्या पाटीपासून शिरोरेषेखाली अक्षरं टांगत आलेला. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमकडे मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत १९४७ साली सापडलेली, यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी आहे, कातड्याचे १७ तुकडे शिवलेली, सात मीटरहून लांब, दोन हजार वर्षांहून जुनी. तिची मोठी केलेली छायाचित्रं मी तासन्‌तास बघतो. कोरडी रेघ, आणि तिला लटकलेली अक्षरं. आज अश्दोदच्या खोलीत आम्ही आखतो तीही अशीच रेघ.

लिहायला बसलं की आधी बोलायचं. 'हे मी मेझुझाच्या पावित्र्यासाठी लिहितो', असं तोंडानं, ऐकू येईल असं. छापलेली मेझुझा चालत नाही ती यामुळेच. २०१४ मध्ये बर्लिनच्या ज्यू म्युझियममध्ये एका यंत्रमानवानं बोरूसारखी लेखणी धरून कागदाच्या रिळावर अख्खी तोरा लिहिली. एकूण एक अक्षर बरोबर असेल. पण ती तोरा नव्हे, आणि तसा दावाही कुणी केला नाही. यंत्राला 'मी हे अमुकसाठी लिहितो' असं म्हणता येत नाही, आणि म्हणायला लावलं तरी त्या म्हणण्याला म्हणणारा नसतो. आजच्या काळात ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अक्षर अचूक असणं पुरेसं नाही, त्याच्यामागे कुणीतरी शुद्धीवर असलं पाहिजे.

ईश्वराचं नाव आलं की दर वेळी वेगळा संकल्प करायचा. काही सोफेर त्याआधी विधिस्नान करतात. नाव लिहीत असताना खुद्द इस्राएलच्या राजानं येऊन खुशाली विचारली तरी उत्तर द्यायचं नाही. लिहिलेलं नाव खोडता येत नाही. तिथे चूक झाली तर तो तुकडा जपून बाजूला ठेवतात आणि पुढे पुरतात. म्हणून शिकाऊ माणसाला आधी कागदावर सुटी अक्षरं देतात, मग एस्तेरची गुंडाळी. एस्तेरच्या अख्ख्या पुस्तकात ईश्वराचं नाव कुठेच येत नाही. हाताला तिथे जरा मोकळीक असते. मीही एस्तेरमार्गे मेझुझाकडे आलो.

आणि मेझुझाकडे आल्यावर मला माझी माणसं भेटली.

आमच्या समाजाची कथा कोकणात सगळ्यांना ऐकून ठाऊक आहे. नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, सामान गेलं, ग्रंथ गेले. पुढे शेकडो वर्षं रायगडच्या गावांतून तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. सुंता राहिली, खाण्यापिण्याचे नियम राहिले, आणि शेमाची पहिली ओळ राहिली. बारशाला तीच, लग्नाला तीच, मयताला तीच. तोराची गुंडाळी नाही, ती वाचणारा नाही. १७९६ मध्ये सामुएल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला आमचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं, आणि त्यासाठी सेफेर तोरा, म्हणजे तोराची गुंडाळी, आणायला ते कोचीनला गेले ते तिथेच वारले, असं घराघरांत सांगतात. ग्रंथासाठी माणूस किती आसुसलेला असू शकतो हे मला त्या प्रवासातून कळतं.

माझ्या आजीला हिब्रूचं एक अक्षर ओळखता येत नव्हतं. ती दाराच्या मेझुझाला बोटं लावायची, बोटं ओठांना लावायची आणि शेमा म्हणायची. आत काय लिहिलंय, ते शेमाच आहे, हे तिला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. लहानपणी मला वाटायचं की आमचं ज्ञान अर्धवट आहे, आमच्याकडे फक्त ऐकीव आहे, खरं ते पुस्तकातलं.

सोफेरचे नियम वाचताना ही समजूत हलली. तोराची गुंडाळी पाठावरून लिहायला सक्त मनाई आहे. सगळी तोरा मुखोद्गत असलेल्या पंडितानंसुद्धा प्रत समोर ठेवूनच लिहायचं. रब्बी मेइरांनी एकदा परदेशी असताना एस्तेरची गुंडाळी पाठावरून लिहिल्याची नोंद तल्मूदात आहे, ती अपवाद म्हणून. पण तेफिलीन आणि मेझुझा मात्र प्रत समोर नसतानाही लिहिता येतात, असं तल्मूद सांगतो. कारण? हे उतारे लोकांच्या तोंडी बसलेले असतात. म्हणजे एवढ्या काटेकोर शास्त्रानं माणसाच्या जिभेवर भरवसा टाकला तो नेमका इथे. नवगावच्या किनाऱ्यावर सगळं हरवून आलेल्यांनी जिथे टाकला, तिथेच.

शिवाय प्रत समोर असली तरी नियम असा की प्रत्येक शब्द लिहिण्याआधी तो तोंडानं म्हणायचा. बघून नुसता उतरवायचा नाही. डोळा, मग जीभ, मग हात. मी 'शेमा' म्हणतो आणि मग शीन काढायला घेतो, तेव्हा म्हणणं आजीचंच असतं, तिच्याच चालीवर. लिहिणं तेवढं माझं.

एवढं ऐकून मी गुरुजींना म्हणालो की मग मी पाठावरून लिहून बघू का. त्यांनी नकार दिला नाही. समोरच्या प्रतीवर दोन ठिकाणी बोट ठेवलं. मेझुझात 'मेझुझोत', म्हणजे दाराच्या चौकटी, हा शब्द दोनदा येतो, पहिल्या उताऱ्याच्या शेवटी आणि दुसऱ्याच्या शेवटाकडे. पहिल्यांदा त्यात वाव हे अक्षर एकदा कमी आहे, दुसऱ्यांदा पूर्ण आहे. 'तोताफोत' या शब्दाचंही तसंच, एकदा वाव गाळून, एकदा घालून. उच्चार दोन्हीकडे तंतोतंत एक. कान शपथेवर सांगेल की शब्द तोच आहे. पण पहिल्या ठिकाणी वाव घातला तर मेझुझा बाद, दुसऱ्या ठिकाणी गाळला तरी बाद. जिभेनं जपलेलं कानाला पुरतं, कातड्याला पुरत नाही. तेव्हापासून मी प्रत समोर ठेवूनच लिहितो आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. आजीनं एवढं राखलं, उरलेली वाव डोळ्यांनी राखायची.

मेझुझाचा सगळ्यात कडक नियम क्रमाचा आहे. पहिलं अक्षर आधी, दुसरं नंतर, ७१३वं शेवटी. तोराच्या गुंडाळीत तीन लाखांवर, नेमकी ३,०४,८०५ अक्षरं, ती लिहायला वर्ष दीड वर्ष जातं, पण मागे जाऊन चूक दुरुस्त करता येते. शाई वाळली की पात्यानं खरवडायची आणि पुन्हा लिहायचं. छोट्याशा मेझुझात ती सोय नाही. विसाव्या ओळीवर असताना तिसऱ्या ओळीतलं गळलेलं अक्षर दिसलं तर ते आता घालता येत नाही, कारण ते क्रमाबाहेर लिहिलेलं होईल. नुसती दोन अक्षरं एकमेकांना टेकली असतील आणि दोघांचा आकार शाबूत असेल, तर मधला धागा खरवडून सोडवता येतात. त्यापलीकडे काही नाही.

आणखी एक नियम मला आधी निव्वळ हट्ट वाटायचा. समजा बेतवर शाईचा थेंब पडला आणि अक्षर बुजलं. थेंबाची जादा शाई खरवडली तर खालून बेत पुन्हा दिसेल, पण तसं करायचं नाही. कारण मग ते अक्षर लिहिलेलं नाही, कोरून काढलेलं आहे. रेशऐवजी चुकून दालेत झाला तर त्याचा काटा घासून रेश करायचा नाही, अक्षर मोडून पुन्हा लिहायचं. दिसायला दोन्ही रेश सारखेच. मग फरक कशाला? आज मला तो पटतो. शाई लावून अक्षर झालं पाहिजे, शाई काढून नव्हे. लिहिणं ही घातलेली भर आहे. नको ते हटवत गेल्यावर जे उरतं, ते लिखाण होत नाही.

अक्षराबद्दल शंका आली तर निवाडा कोणाचा? मोठ्या पंडिताचा नाही. एका पोराचा. अक्षरं ओळखणारं, पण मजकूर न कळणारं, तल्मूदाच्या शब्दांत फार शहाणंही नाही आणि मंदही नाही, असं पोर बोलवायचं. गुरुजींकडे कुणीतरी तपासायला आणलेल्या मेझुझात एक योद होता, पाय जरा लांबलेला, वाव वाटावा असा. त्यांनी शेजारच्या घरातला छोकरा बोलावला. पुढचा मजकूर कागदानं झाकला, बोट न लावता काडीनं अक्षर दाखवलं. खोलीतली आम्ही चार दाढीवाली माणसं श्वास धरून त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो म्हणाला, 'योद.' आणि पळाला. मेझुझा वाचली. त्यानं 'वाव' म्हटलं असतं तर कुणाचाही युक्तिवाद चालला नसता. वाक्याचा अर्थ जाणणारा माणूस तिथे जे असायला हवं तेच वाचतो; पोर जे आहे ते वाचतं.

तल्मूदात हा निवाडा ज्या पानावर आहे, त्याच पानावर दुसरी एक कथा आहे. प्रेषित मोशे तोरा घ्यायला वर स्वर्गात जातो तेव्हा ईश्वर अक्षरांना मुकुट बांधत बसलेला असतो. शीन, आयिन, गिमेल अशा सात अक्षरांच्या डोक्यावर आम्ही आजही तीन तीन बारीक रेघा काढतो, ते हे मुकुट. मोशे विचारतो, हे कशासाठी? उत्तर येतं, पुष्कळ पिढ्यांनंतर अकिवा नावाचा माणूस येईल, तो या एकेका काट्यातून नियमांच्या राशी काढेल. मला तो माणूस दाखव, मोशे म्हणतो. तो अकिवाच्या पाठशाळेत आठव्या रांगेमागे जाऊन बसतो आणि त्याला काय चाललंय ते कळत नाही. त्याचं अवसान गळतं. मग एक शिष्य विचारतो, गुरुजी, हे तुम्हाला कुठून कळलं? अकिवा म्हणतो, सिनायवर मोशेला मिळालेलं आहे हे. आणि मोशेचा जीव शांत होतो. मी मुकुट काढायला घेतो तेव्हा ही आठवी रांग नेहमी मनात येते. अकिवाच्या शाळेत बेने इस्रायलांना जागा मिळाली असती तर ती बहुधा तिथेच, मोशेच्या आसपास.

सध्या मी लिहितो आहे ती मेझुझा अलिबागला जायची आहे. आत्या अजून तिथेच राहते. घरगुती मेझुझा सात वर्षांत दोनदा उघडून तपासावी असं शास्त्र सांगतं. आत्याच्या दारावरची कधी उघडल्याचं कुणाला आठवत नाही, आणि कोकणच्या पावसाळ्यात कातडं दमट हवा पितं, फुगतं, वाळतं, शाई सुटते. गुरुजींनी हे ऐकून शाईत डिंक बेतानंच घालायला लावला. चकाकी थोडी कमी दिसेल, दिसू दे.

"ते सगळं खरं," आत्या फोनवर म्हणाली, "पण इथे तपासणार कोण रे? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

मी म्हटलं, पावसाळा संपला की उघड आणि व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोर धर. पण फोनच्या कॅमेऱ्यात दालेतचा काटा दिसेलच असं नाही, तिथे तुझाच डोळा हवा. तेव्हापासून दर रविवारी मी तिला अक्षरं शिकवतो. ती जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर जाड पेननं गिरवते आणि पान कॅमेऱ्यासमोर नाचवते. दालेत आणि रेश तिला आता न चुकता ओळखता येतात. येत्या रविवारी 'हे' आणि 'खेत' ही अक्षरं घेणार आहे. त्यांत फरक डाव्या पायाचा, 'हे'चा पाय छतापासून सुटलेला असतो आणि दमट हवेत तिथलीच शाई पसरून आधी चिकटते.